डोंगर किती जवळ असावा? तंजावरच्या सपाट भूमीतून उमगणारे वास्तव्याचे गणित

तंजावर : जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. जिंजी पाहण्यास येणारा मराठी दुर्गप्रेमी पुढे दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवरील तंजावर गाठतो, तेव्हा एक विरोधाभास त्याच्या ध्यानात येतो. ज्या भोसले घराण्याची ओळख गडकोटांशी जोडली गेली, त्याच घराण्याच्या एका शाखेने क्षितिजापर्यंत एकही डोंगर न दिसणाऱ्या या भातशेतीच्या प्रदेशात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले.

राहण्यासाठी डोंगर निवडावा की मैदान, हा प्रश्न त्या काळी राज्यकर्त्यांपुढे संरक्षण आणि अन्न यांच्या रूपाने उभा होता. आज तो वेगळ्या रूपात सामान्य नोकरदारापुढे येतो. गिर्यारोहणाची आवड असलेला तरुण नोकरी स्वीकारताना, बदली मागताना किंवा घर घेताना ‘तेथून डोंगर किती दूर?’ असे विचारतो. केवळ किलोमीटर मोजून या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. पाणी, पोट, वाट, हवामान आणि सुरक्षितता या सर्वांचा हिशेब त्यात मांडावा लागतो. तंजावरचा इतिहास आणि भूगोल हा हिशेब विशेष स्पष्टपणे दाखवतात.

एका घराण्याचे दोन निर्णय

छत्रपती शिवाजी महाराजांनी सुमारे २५ वर्षे राजगडावरून कारभार पाहिला. त्यानंतर राजधानी रायगडावर नेण्यात आली आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा हा गड निवडण्यामागे निसर्गसौंदर्याची ओढ नव्हती. ताशीव कडे, मोजक्या आणि राखता येण्याजोग्या वाटा, कोकणातील बंदरांशी असलेला संपर्क आणि माथ्यावर पाणी साठवण्याची सोय ही त्यामागील कारणे होती. गंगासागरासारखे तलाव नसते, तर एवढ्या उंचीवर राजधानी नांदणे अशक्य होते.

याच सुमारास महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी नेमका उलट मार्ग धरला. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे त्यांचे वास्तव्य बंगळूरला होते. विजापूरच्या वतीने ते दक्षिणेत उतरले आणि १६७५च्या सुमारास तंजावरचे स्वामी झाले. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तर तंजावर १०० मीटरहूनही खाली. बंगळूरच्या आसपास ग्रॅनाइटच्या प्रचंड टेकड्या आहेत. तंजावरच्या आसपास आहेत त्या कावेरीच्या शाखा, कालवे आणि भाताची खाचरे.

या निवडीचे कारण पाण्यात दडलेले आहे. तंजावरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर कावेरीवर कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. चोळ राजा करिकाल याने तो बांधल्याचे मानले जाते आणि आजही त्याच ठिकाणाहून त्रिभुज प्रदेशाचे पाणी विभागले जाते. पुढे १९३४ मध्ये वरच्या अंगाला मेट्टूर धरण पूर्ण झाले. त्यातून परंपरेने १२ जून रोजी पाणी सोडण्यास प्रारंभ होतो आणि कुरुवै, सांबा, ताळडी अशा भाताच्या हंगामांचे चक्र फिरू लागते. तमिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात महसुलाची शाश्वती होती. त्या महसुलाच्या आधारावरच मराठा दरबारात संगीत, नाट्य, वैद्यक आणि ग्रंथसंग्रह बहरले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी व मोडी हस्तलिखिते ही त्या सुबत्तेची साक्ष आहे.

जिंजीने शिकवलेला धडा

गड श्रेष्ठ की मैदान, याची खरी कसोटी जिंजीला लागली. १६७७च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी बळकट केली. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्यांना वेढणारी त्याची रचना आहे. उंचीच्या दृष्टीने या टेकड्या सह्याद्रीपुढे ठेंगण्याच ठरतात; सर्वांत उंच राजगिरी भोवतालच्या जमिनीपासून सुमारे २४० मीटर उठते. तथापि, सपाट प्रदेशात एकट्याच उभ्या असलेल्या खडकाला वेगळेच सामर्थ्य प्राप्त होते.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज १६८९च्या अखेरीस जिंजीला पोहोचले आणि हा किल्ला मराठी राज्याचे केंद्र बनला. झुल्फिकार खानाने १६९० मध्ये त्यास वेढा घातला. किल्ला पडला तो १६९८च्या प्रारंभी. त्याआधीच राजाराम महाराज तेथून निसटले होते. एवढा दीर्घ काळ किल्ला टिकला याचे श्रेय तटबंदीला आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या हालचालींना दिले जाते. त्याच्याइतकेच महत्त्व धान्याला होते. जिंजीच्या पायथ्याशी आजही भव्य धान्यकोठारे उभी आहेत. तंजावरच्या भोसले राज्याकडूनही किल्ल्याला मदत मिळत होती. याउलट १६९२च्या अखेरीस मराठा फौजांनी रसद तोडल्यावर वेढा घालणाऱ्या मोगल छावणीतच धान्याची टंचाई निर्माण झाली आणि खानाला काही काळ वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली.

मैदानाची दुर्बलताही याच काळात उघड झाली. १६९४ मध्ये झुल्फिकार खानाने तंजावरवर चाल केली, तेव्हा आश्रयाला डोंगर नसलेल्या या राज्याला खंडणी मान्य करण्यावाचून पर्याय उरला नाही. गडाजवळ संरक्षण होते, परंतु अन्न खालून येत होते. मैदानात अन्न होते, परंतु आडोसा नव्हता. डोंगरावर राहणारा मैदानापासून कधीच पूर्णपणे स्वतंत्र नसतो, हा या वेढ्याचा धडा आजच्या पर्वतप्रेमी रहिवाशालाही लागू पडतो. पायथ्याच्या गावात घर घेतले तरी नोकरी, दवाखाना, शाळा आणि बाजार यांसाठी त्याला पुन्हा सपाटीवरच यावे लागते.

डोंगर नव्हता, म्हणून उभारला

तंजावरला डोंगराचे आकर्षण नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. पहिल्या राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. मेरू पर्वताच्या कल्पनेशी त्याचे नाते जोडलेले असून ‘दक्षिण मेरू’ असा त्याचा उल्लेख होतो. या परिसरात बांधकामास योग्य ग्रॅनाइट नसल्याने हा दगड दूरवरून आणावा लागला. जेथे पर्वत नाही, तेथे माणसाने पर्वताची आकृती उभारल्याचे हे उदाहरण आहे.

याच मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. गडकोटांच्या प्रदेशातून निघालेल्या घराण्याची कहाणी अशा प्रकारे बाहेरून आणलेल्या दगडावर, डोंगर नसलेल्या प्रदेशात अक्षरबद्ध झाली. पुढे १८५५ मध्ये तंजावरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. तंजावुरी मराठी बोलणारी कुटुंबे मात्र तेथेच राहिली.

तंजावरहून डोंगर किती दूर?

आज तंजावरमध्ये विद्यापीठे, अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि हवाई दलाचा तळ आहे. त्यामुळे देशाच्या विविध भागांतून येथे बदलीवर किंवा शिक्षणासाठी लोक येतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही तमिळनाडूच्या अनेक शहरांत स्थिरावली आहेत. सह्याद्रीत भटकण्याची सवय असलेल्या माणसाला या भूमीत प्रथम जाणवते ते डोंगराचे नसणे.

सर्वांत जवळचा चढ तिरुचिरापल्लीच्या प्रसिद्ध रॉकफोर्टचा. तंजावरपासून सुमारे ६० किलोमीटरवरील हा खडक शहराच्या मध्यभागी ८३ मीटर उठतो. माथ्यावरील गणपतीपर्यंत कोरीव पायऱ्या आहेत. पायांचा व्यायाम म्हणून ही चढण उपयुक्त असली, तरी ती गिर्यारोहणाची गरज भागवू शकत नाही. खऱ्या अर्थाने डोंगर सुरू होतात ते तिरुचिरापल्लीच्या उत्तरेस व वायव्येस, पूर्व घाटाच्या तुटक रांगांत. पच्चैमलै ही त्यांपैकी जवळची रांग. नामक्कल जिल्ह्यातील कोल्लीमलै त्यापुढे, तंजावरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील घाटरस्त्याला ७० वळणे असून माथा १,००० ते १,३०० मीटरपर्यंत जातो. सेलमजवळील येरकाड सुमारे १,५०० मीटरवर आहे. दिंडिगुलच्या पलीकडे पश्चिम घाट सुरू होतो. कोडाईकनाल सुमारे २,१०० मीटर, तर निलगिरीतील दोड्डाबेट्टा २,६३७ मीटर उंच आहे.

म्हणजेच महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईहून उंच प्रदेश तंजावरच्या रहिवाशाला एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतो. त्या प्रवासातच दिवस संपतो, ही अडचण आहे. जाऊन, चढून, त्याच रात्री परतणे शक्य होत नाही.

येथे ऋतूंचाही विचार करावा लागतो. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हा पावसाळा. कातळारोहणाचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. तंजावर परिसरात मात्र मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. पुण्यातील गिर्यारोहक ज्या दिवसांत दोर बाहेर काढतो, त्याच दिवसांत पूर्व तमिळनाडूत वादळी पावसाचे इशारे दिले जात असतात. येथे स्थलांतर करणाऱ्याला आपली दिनदर्शिकाच बदलावी लागते.

जंगलवाटांना नियमांची चौकटही आहे. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातील कुरंगणी परिसरात लागलेल्या वणव्यात डोंगरभटकंतीसाठी गेलेल्या २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्याने नियम कडक केले. वन विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना सुरू करून ४० मार्ग निश्चित केले. सोपे, मध्यम आणि कठीण अशी त्यांची वर्गवारी आहे. ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक वाटाड्या यांची सोय आहे. वणव्याच्या मोसमात हे मार्ग बंद ठेवले जातात. महाराष्ट्रातील बहुतेक गडांप्रमाणे मनात येईल तेव्हा पाठीवर पिशवी टाकून निघण्याची मोकळीक येथे गृहीत धरता येत नाही.

अंतर नव्हे, फेरी मोजावी

डोंगराची जवळीक मोजण्याचे खरे माप किलोमीटर नसून फेरी आहे. पुण्यापासून सिंहगड सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पहाटे निघून, गड चढून कामाच्या वेळेपर्यंत परत येणारे अनेक पुणेकर आहेत. जाण्या-येण्यास आठवड्याला दोन तास धरले, तर वर्षाला सुमारे १०० तास प्रवासात जातात. तंजावरहून कोल्लीमलैला जाऊन येण्यास आठ तास धरले आणि दर आठवड्याला जायचे ठरवले, तर वर्षाचे ४०० हून अधिक तास, म्हणजे सतरा दिवस केवळ वाहनात जातील. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत दर आठवड्याचा डोंगर हळूहळू महिन्याचा आणि मग वर्षातील एखाद्या सुट्टीचा होतो.

मुंबईचे उदाहरण वेगळी बाजू दाखवते. शहर समुद्रकाठी असले, तरी मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या कर्जत आणि कसाऱ्यापर्यंत जातात. कर्जतहून पेठचा किल्ला व ढाक बहिरी, तर कसाऱ्याहून हरिश्चंद्रगड, रतनगड आणि अलंग-मदन-कुलंग यांच्या वाटा सुरू होतात. स्वतःचे वाहन नसलेल्या विद्यार्थ्यालाही लोकलच्या तिकिटावर सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचता येते. डोंगर किती दूर आहे, यापेक्षा तेथे जाणारे साधन किती वेळा आणि किती स्वस्तात मिळते, हे अनेकदा निर्णायक ठरते.

सोबत हा तिसरा घटक. १९५४ मध्ये स्थापन झालेली मुंबईची ‘गिरिविहार’ आणि २०१२ मध्ये एव्हरेस्टची, तर २०१९ मध्ये कांचनजुंगाची मोहीम यशस्वी करणारी पुण्याची ‘गिरिप्रेमी’ अशा संस्थांमुळे या शहरांत नवख्याला प्रशिक्षण, साधने आणि अनुभवी जोडीदार मिळतात. दोर धरणारा विश्वासू साथीदार नसेल, तर घरामागे कडा असूनही त्याचा उपयोग नसतो. नवी मुंबईत २०१६ व २०१७ मध्ये प्रस्तरारोहणाच्या विश्वचषक स्पर्धा झाल्या, त्यामागेही अशा संस्थांनी घडवलेले वातावरण होते.

खडकाची जात हा चौथा घटक. सह्याद्रीचा काळा कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. त्यात उंच सरळ कडे मिळतात, मात्र अनेक ठिकाणी दगड सुटा असतो आणि थरांवर माती व गवत साचते. दक्षिणेतील ग्रॅनाइट व तत्सम खडक त्याहून कितीतरी प्राचीन, घट्ट आणि खरखरीत आहेत. व्यंकोजी राजांनी सोडलेले बंगळूर आज कातळारोहकांचे आवडते शहर आहे, ते या खडकामुळेच. ‘शोले’ चित्रपटामुळे परिचित झालेले रामनगर आणि सावनदुर्गाचा अजस्र खडक तेथून ५०-६० किलोमीटरवर आहेत. शिवाय बदामी आणि हंपी एका रात्रीच्या प्रवासात येतात. रोजगार आणि खडक एकाच ठिकाणी असण्याचा योग अशा मोजक्या शहरांनाच लाभतो.

पायथ्याच्या घराची किंमत

तर मग थेट पायथ्याशीच घर का करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर घरांच्या किमतीत आहे. फ्रान्समधील शामोनी या गावातून १७८६ मध्ये मोंब्लाँ शिखरावर पहिली यशस्वी चढाई झाली आणि गिर्यारोहणाच्या इतिहासात गावाचे नाव कायमचे नोंदले गेले. आज तेथे बाहेरच्यांच्या सुट्टीतील घरांमुळे स्थानिकांना जागा परवडणे कठीण झाले आहे. लोणावळा आणि मुळशीच्या परिसरातही दुसऱ्या घरांची मागणी जमिनीचे दर वाढवत आली आहे.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. रायगड जिल्ह्यातील इर्शाळगड हा दुर्गप्रेमींच्या परिचयाचा डोंगर. त्याच्या कुशीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. मृत आणि बेपत्ता मिळून ८० हून अधिक जणांची नोंद झाली. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावात दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातील जोशीमठ येथे घरांना तडे गेल्याने अनेक कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. हिमालयातील अनेक मोहिमांचे प्रवेशद्वार असलेले हे गाव स्वतःच असुरक्षित ठरले. शहरातून हौसेने येणाऱ्यापुढे परतीचा पर्याय असतो. पिढ्यान्‌पिढ्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो नसतो.

सपाटीही संकटमुक्त नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मोठी हानी केली. तंजावर जिल्ह्याच्या पट्टुकोट्टै व पेरावुरणी भागांत नारळाच्या बागा उन्मळून पडल्या. डोंगर वाऱ्याला अडवतो, तशी दरडही सोडतो. मैदान भात पिकवते, पण वादळाला वाटही मोकळी देते. निवड सुरक्षित आणि असुरक्षित अशा दोन जागांमधील नसते. कोणत्या धोक्याची आपल्याला माहिती आहे आणि त्याची तयारी कितपत आहे, हे पाहावे लागते.

निवड करताना

या सर्वांतून काही व्यवहार्य निकष हाती येतात. पहिला, एका दिवसात जाऊन परतता येईल असे किमान एक ठिकाण असावे. नियमित सरावाला तेच उपयोगी पडते. दूरची उंच शिखरे वर्षातून दोनदाच गाठली जातात, म्हणून त्यांच्यासाठी घर बदलण्याची आवश्यकता नसते. दुसरा, वर्षातील किती महिने तेथील वाटा व कातळ वापरण्याजोगे आणि खुले असतात, हे आधी तपासावे. तिसरा, जवळपास प्रशिक्षण देणारी संस्था, बचाव पथक आणि रुग्णालय आहे का, हे पाहावे. चौथा, घर उताराखाली, ओढ्याच्या पात्रालगत किंवा डोंगर फोडून केलेल्या सपाटीवर नसावे. एक पावसाळा भाड्याने राहून मगच खरेदीचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते. पाचवा निकष उपजीविकेचा आणि तोच अनेकदा शेवटचा शब्द ठरतो.

नोकरीमुळे तंजावरसारख्या सपाट शहरात राहावे लागणाऱ्यांसाठीही मार्ग बंद होत नाही. क्रीडा प्रस्तरारोहणाचा टोकियो ऑलिंपिकपासून समावेश झाला आणि कृत्रिम भिंतीवरील सरावाला प्रतिष्ठा मिळाली. आठवडाभर जिने, धावणे आणि बोटांच्या ताकदीचा व्यायाम, महिन्यातून एकदा पच्चैमलै किंवा कोल्लीमलै आणि वर्षातून एकदा सह्याद्री वा हिमालय, अशी विभागणी शक्य आहे. त्यातून मिळणारे डोंगराचे दिवस कमी असले, तरी आधीच ठरवलेले असल्यामुळे ते सहसा चुकत नाहीत. याउलट पायथ्याशी राहणाऱ्याचा डोंगर ‘उद्या जाऊ’ म्हणत वर्षानुवर्षे राहून गेल्याची उदाहरणेही दुर्मीळ नाहीत.

तंजावरला आलेला मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या भिंतीवरील शिलालेख पाहून जिंजीकडे वळतो, तेव्हा तो खरे तर एकाच घराण्याचे दोन निर्णय पाहत असतो. एका शाखेने आपल्या काळाची गरज ओळखून कडा निवडला, दुसरीने कालवा. आजच्या घर शोधणाऱ्यालाही आपली गरज प्रथम ओळखावी लागते. कोणता डोंगर जवळ असावा, हे त्यानंतर ठरवणे सोपे जाते.